बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची तयारी: ऑफर हातात आहे, पहिल्या कंपनीला मात्र टाळं

चिंचबन

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी मूळची नाशिकची, आता पुण्यात. एका बँकेच्या आयटी विभागाकडून परवा ऑफर आली. काम मनासारखं आहे, पगारही चांगला. सोबत एक लिंक आली आहे: बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा, म्हणजे आधीच्या नोकऱ्या, शिक्षण, पत्ता तपासण्याचा फॉर्म दहा दिवसांत भरायचा. तो उघडून बघितल्यापासून झोप उडाली आहे. मी कुठे काही खोटं केलेलं नाही, पण माझे कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

पहिली नोकरी अंबड एमआयडीसीत, २०१६ ते २०१९. चौदा माणसांची कंपनी, पीएफ नव्हता. पगार १४ हजार, त्यामुळे आयकरही कापला जात नव्हता. लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद पडली. वेबसाइट गेली, मेल परत येतो, फोन लागत नाही. दुसरी नोकरी पुण्यात, ऑगस्ट २०१९ ते मे २०२३. तिथून निघताना नोटीस पीरियडवरून मॅनेजरशी वाजलं होतं. रिलीव्हिंग लेटर मिळालं, पण पीएफच्या साइटवर माझी सोडल्याची तारीख आजही कोरी आहे. म्हणजे कागदोपत्री मी अजून तिथेच आहे! मग बाबांना पक्षाघात झाला म्हणून सात महिने नाशिकला घरी होते. जानेवारी २०२४ पासून सध्याची नोकरी.

शिवाय दहावीपासून पदवीपर्यंत सगळीकडे माहेरचं नाव, पॅन आणि आधारवर सासरचं.

एक जुना सहकारी म्हणाला, "दुसऱ्या कंपनीची तारीख डिसेंबरपर्यंत ओढ, मधलं काही दिसणारच नाही, कोण बघतंय?" मन तयार होत नाही. पण सात महिने घरी होते हे वाचून समोरचा मागे सरकला तर, ही भीतीही आहे. यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.

भरतीओहोटी

चिंचबन, आधी अभिनंदन. एकवीस वर्षं पुण्यात एचआरमध्ये काढली, त्यातली बरीचशी भरतीत. बंद पडलेली कंपनी, घरी काढलेले महिने, लग्नानंतरचं नाव, यामुळे कोणाची ऑफर गेलेली मला तरी आठवत नाही. ओढलेल्या तारखांमुळे गेलेल्या मात्र नावानिशी आठवतात.

पडताळणीत होतं काय, तर तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेलं आणि बाहेरून आलेलं उत्तर शेजारी शेजारी ठेवतात. जुळलं की हिरवं. किरकोळ फरक असला किंवा उत्तरच आलं नाही, की पिवळं, आणि मग आमच्याकडे विचारणा येते. मोठी तफावत किंवा बनावट कागद असला की लाल. सात महिने घरी होते असं तुम्ही लिहिलंत आणि बाहेरूनही तेच आलं, तर दोन्ही बाजू जुळल्या. "वडिलांचं आजारपण, नाशिक, जून ते डिसेंबर २०२३" एवढी एक ओळ पुरे. डिस्चार्ज कार्डाची प्रत जवळ असू द्या, मागितली तरच द्या.

फॉर्म भरताना रिलीव्हिंग लेटर समोर ठेवून तारखा उतरवा, आठवणीतून नाही. पद लेटरवर असेल तेच लिहा. तुम्ही टीम सांभाळली असेल, पण लेटरवर 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' असेल तर 'टीम लीड' लिहू नका. लिंक्डइनवर काय लिहून ठेवलंय तेही आजच बघा, कारण तेही उघडून बघतात. पगाराचा आकडा शेवटच्या पगारपत्रकाशी आणि फॉर्म १६ शी (कंपनी देते ते कापलेल्या आयकराचं प्रमाणपत्र) जुळला पाहिजे.

मॅनेजरची काळजी करू नका. पडताळणीचा मेल एचआरला जातो. तारखा, पद, निघताना काही देणं राहिलं का आणि पुन्हा नोकरीवर घ्याल का, बहुतेक एवढंच विचारतात. मात्र संदर्भ म्हणून ज्यांची नावं देणार असाल त्यांना आधी फोन करून ठेवा. अनोळखी नंबर आपण कोणीच उचलत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय सध्याच्या नोकरीचा राजीनामा टाकायचा नसेल तर नव्या कंपनीला तसं मेलवर विचारा. विचारण्यात काही गैर नाही. सध्याच्या कंपनीची पडताळणी रुजू झाल्यानंतरच करा, असा पर्याय फॉर्ममध्ये असतो. तो न विसरता निवडा, नाहीतर तुमच्याआधी तुमच्या साहेबांना कळेल.

काठावरचा

चिंचबनताई, तारीख ओढू नका. मी ओढली होती.

२०२१ ची गोष्ट. फेब्रुवारीत नोकरी सुटली होती, मी एप्रिल लिहिलं. दोन महिने, त्यात काय एवढं, असं वाटलं. रुजू झालो, काम जमलं, टीमला आवडलो. चौथ्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलावर एकच कागद होता. माझ्या एप्रिलला पिवळ्या शाईने गोल केलेला, शेजारी जुन्या कंपनीच्या मेलमधला फेब्रुवारी. एचआरच्या बाई ओरडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे खरं लिहिलं असतंत तर आम्ही विचारलंही नसतं." लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र तिथेच ठेवायला सांगितलं. डबा तेवढा माझा होता, तो घेऊन खाली आलो. तो उघडलाही नव्हता.

पुढच्या वेळी ते चार महिनेसुद्धा खरे लिहिले, नोकरीवरून का काढलं तेही लिहिलं. एका कंपनीने नाही म्हटलं, दुसरीने घेतलं. आज तिथेच आहे.

चिंचबन

काठावरचा, हे लिहिणं सोपं गेलं नसेल. मनापासून आभार. तारीख ओढायचा विषय माझ्यापुरता संपला.

तिसरामजला

ठाण्यात एका पडताळणी एजन्सीत चार वर्षं होतो. आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

दिवसाला ढिगाने फायली असतात, त्यामुळे अर्धवट कागद आले की आम्ही फाइल 'इन्सफिशियंट' म्हणून परत पाठवायचो आणि चार-पाच दिवस तिथेच जायचे. पदवीच्या प्रमाणपत्राची एकच बाजू, फक्त शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, मोबाइलने काढलेला अंधारा फोटो, ही नेहमीची कारणं. एटीकेटी लागून सुटलेले विषय असतील तर त्या प्रयत्नांच्या गुणपत्रिकाही जोडा. पदवी डिजिलॉकरवर येत असेल तर ती उतरवून ठेवा, शंकेला जागा राहत नाही. आणखी एक: पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं २०१८ मध्ये बदललं, सोलापूरचं २०१९ मध्ये. पदवीवर जे छापलंय ते लिहा आणि पुढे 'आताचं नाव अमुक' असं जोडा. बेंगळुरूत किंवा हैदराबादेत बसलेल्या मुलाला हे माहीत नसतं, तो दोन वेगळी विद्यापीठं समजतो.

आता तुमची बंद कंपनी. आम्ही आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत नाव शोधायचो. कंपनी नोंदवहीतून काढून टाकलेली दिसली की निदान ती होती आणि बंद झाली हे सिद्ध होतं. मग लागायचा तुमच्या बाजूचा पुरावा: नेमणूक पत्र, पगारपत्रकं, आणि खरा जोर बँक स्टेटमेंटवर. दर महिन्याला कंपनीच्या नावाने पगार जमा झालेला दिसला की आमचं निम्मं काम व्हायचं. पीएफ नव्हता याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. १९५२ चा तो कायदा वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागू होता, तुम्ही चौदा होतात. ही ओळ फॉर्मच्या शेरा रकान्यात लिहाच.

बनावट पगारपत्रक कसं ओळखायचो? महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २५०० होतात. विकत घेतलेल्या पगारपत्रकांवर बाराही महिने २०० असायचे. तुमच्या जुन्या स्लिपांमध्ये फेब्रुवारीची असेल तर ती जरूर जोडा.

अनुभवाची प्रमाणपत्रं विकणाऱ्यांच्या नादी कोणी लागू नका. त्या कंपन्यांच्या याद्या एजन्सीकडे असतात आणि त्यांत रोज भर पडते. नाव यादीत निघालं की पुढचे सगळे खरे कागदही संशयाने बघितले जातात.

खातेवही

पीएफचं मी सांगते. एका कारखान्यात लेखा विभागात आहे, हे रोजचं काम.

सोडल्याची तारीख कोरी राहिली की तुमच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी एकच राहणारा पीएफचा क्रमांक) दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात. मूनलायटिंगचा, म्हणजे एक नोकरी असताना गुपचूप दुसरी करण्याचा विषय २०२२ मध्ये तापला, तेव्हापासून कंपन्या हे बारकाईने बघतात. तुमचा दोष नाही, पण पडताळणी करणाऱ्याला ते कसं कळणार? म्हणून फॉर्म भरण्याआधी हे दुरुस्त करा.

जानेवारी २०२० पासून ही तारीख आपली आपल्याला भरता येते. पोर्टलवर 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट' आहे. आधार जोडलेलं हवं आणि आधारच्या मोबाइलवर ओटीपी येतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झालेले असले पाहिजेत, तुमचे कधीच झाले. तारीख मात्र ज्या महिन्याची शेवटची वर्गणी आहे त्याच महिन्यातली पोर्टल घेतं.

इथेच लोक फसतात. पासबुक उघडा. शेवटच्या ओळीत पगाराचा महिना 'मे २०२३' दिसेल आणि शेजारच्या तपशिलात '०६२०२३' असा आकडा. मेच्या पगाराची वर्गणी मालकाने १५ जूनपर्यंत भरायची असते, म्हणून तो जून आहे. तो बघून जूनची तारीख टाकू नका. रिलीव्हिंग लेटरवरची मेमधलीच टाका. एकदा भरली की पुन्हा त्या मेनूतून बदलता येत नाही.

कोणाची तारीख चुकीची भरली गेली असेल तर जॉइंट डिक्लरेशन (पीएफ कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज) करावं लागतं. जानेवारी २०२५ पासून त्यातही सोय झाली आहे. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल तर नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, या दुरुस्त्या मालकाच्या मंजुरीशिवाय करता येतात. जुन्या यूएएनवाल्यांना अजून मालकाच्या दारात जावं लागतं.

शेवंती

नावाचं मी भोगलंय म्हणून लिहिते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पॅनवर क्रम उलटा. परराज्यातल्या माणसाने माझं आडनाव हेच माझं नाव समजून विद्यापीठाला विचारणा केली, आणि 'असा विद्यार्थी नाही' असं उत्तर आलं! आठ दिवस गेले.

तेव्हा फॉर्ममध्ये 'पूर्वीचं नाव' असा रकाना असेल तर गुणपत्रिकेवर छापलंय त्याच क्रमाने लिहा, परीक्षा क्रमांक आणि पीआरएन नंबरसह (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक). नोंदणीकृत विवाह प्रमाणपत्र जोडलंत की बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं. तुम्ही नावात आणखी काही बदल केला असेल तर मात्र सरकारी राजपत्रातली नोंद लागेल, ती आता ऑनलाइन होते. काही कंपन्या 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र मागतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराचा मुद्रांक पाचशेचा झालाय, तेव्हा मागितल्याशिवाय करू नका.

नोकरीतल्या खंडाबद्दल: मुलगा लहान असताना मी चार वर्षं घरी होते. 'कौटुंबिक जबाबदारी' एवढंच लिहिलं. मुलाखतीत विचारलं, खरं सांगितलं. आज्यांनी, आयांनी जन्मभर केलेलं काम आहे ते, मान खाली घालून का लिहायचं?

रानवाट

सगळं पटतं, पण एक बाजू कोणी मांडत नाही. माझ्याकडे एका एजन्सीने सहा महिन्यांचं पूर्ण बँक स्टेटमेंट मागितलं. आईच्या केमोची बिलं, भावाला दिलेले पैसे, सगळं त्यात. हे त्यांनी का बघायचं? वर यूएएनचा पासवर्डही मागितला. आपण नोकरीच्या आशेने सगळं देत जातो, आणि ते कुठे साठतं याचा पत्ता नसतो.

भरतीओहोटी

रानवाट, तुमचं अगदी बरोबर आहे आणि हे आधीच लिहायला हवं होतं. पासवर्ड, ओटीपी, नेट बँकिंगचं लॉगिन कोणालाही द्यायचं नाही. पासबुकची पीडीएफ स्वतः उतरवून द्या. बँक स्टेटमेंटमध्ये पगाराच्या ओळी, खातेदाराचं नाव आणि बँकेचं शीर्षक ठेवून बाकीच्या ओळी काळ्या करा आणि 'पगाराव्यतिरिक्तच्या नोंदी झाकल्या आहेत' असं मेलमध्ये स्पष्ट लिहा. मी स्वतः अशी स्टेटमेंटं स्वीकारली आहेत. आधारची प्रत देताना मास्क केलेली, म्हणजे सुरुवातीचे आकडे झाकलेली द्या.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती आणि दुरुस्तीचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. पण लाल किंवा पिवळा अहवाल आला तर त्याची प्रत मेलवर मागायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. एजन्सीकडूनही चुका होतात, सारख्या नावाच्या माणसाची नोंद आपल्या नावावर येते. मागाच.

आणि ऑफर बँकेची आहे म्हणून एक सांगतो, सिबिल, म्हणजे कर्ज आणि कार्डाचे पैसे वेळेवर फेडले का याची नोंद, बघून घ्या. बँका तो तपासतात. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेने खराब सिबिलमुळे रद्द केलेली एक नेमणूक रद्दच ठेवली होती. अशी नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. विसरलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी थकीत दिसली तर आधी ती भरा.

उंबरठा

थोडं विषयांतर, पण सरकारी नोकरीवाले हा धागा वाचत असतील म्हणून. तिथे साक्षांकन नमुना (स्वतःच्या पूर्वचारित्र्याची माहिती देण्याचा फॉर्म) भरावा लागतो, आणि त्यातला 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का' हा रकाना अनेकांना बुडवतो. गावच्या भांडणात, मोर्चात नाव आलेलं असतं, खटला सुटलेला असतो, म्हणून मुलं 'नाही' लिहितात. चारित्र्य पडताळणीला फाइल पोलीस ठाण्यात गेली की ते निघतंच.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर सांगितलंय. माहिती खरी दिली पाहिजे. गुन्हा अगदी किरकोळ असेल तर लपवणं माफ करायचं की नाही हे नेमणारा ठरवेल. आणि खरं सांगूनही तो पूर्वचारित्र्याचा विचार करू शकतो. म्हणजे लिहिल्याने हमी मिळत नाही, पण लपवल्याने हातचं जातं. माझ्या चुलतभावाचं गेलं. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं पहाटे चारला उठून धावायचा तो.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. इथे १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यामुळे कंपनीला आधी लेखी संमती घ्यावी लागते, आणि अहवालामुळे नकार द्यायचा असेल तर त्याआधी अहवालाची प्रत हातात द्यावी लागते. मला ती मिळाली, चूक दाखवता आली. भारतातल्या जुन्या नोकऱ्यांची पडताळणी इथूनही होते, तेव्हा परदेशात यायचं असेल तर निघण्यापूर्वी रिलीव्हिंग लेटरं गोळा करा. मी सात वर्षांनी इथून मागत बसलो होतो.

चिंचबन

मंडळी, पाच आठवड्यांनी येतेय.

खातेवही, पासबुकात '०६२०२३' खरंच तसंच होतं. तुम्ही लिहिलं नसतं तर मी जूनच टाकला असता. मेची तारीख भरली, सर्व्हिस हिस्टरीत लगेच दिसली. सिबिलमध्ये बंद केलेल्या कार्डाचे ५९० रुपये थकीत निघाले, भरले. फॉर्ममध्ये सात महिने सात महिनेच लिहिले.

पत्त्याची पडताळणी नाशिकच्या घरीही झाली. मुलगा आला तेव्हा आई भाजीला गेलेली. बाबांचा उजवा हात अजून पूर्ण चालत नाही. त्यांनी डाव्या हाताने सही केली, आणि त्याला बसवून घेऊन मी ते सात महिने काय काय केलं ते सांगितलं. तो चहा पिऊन गेला.

पहिल्या कंपनीचं मात्र सोपं नव्हतं. मालक सातपूरला राहतात हे एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. शनिवारी गेले. त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून लेटरहेडचा उरलेला गठ्ठा काढला, कडा पिवळ्या पडलेल्या. हाताने पत्र लिहिलं. 'कंपनी आता बंद आहे' हे वाक्य लिहिताना थांबले, मग लिहिलं. शिक्का सापडेना. शेवटी देवघराच्या खालच्या खणात निघाला, पण शाई सुकलेली. त्यांनी त्यावर दोन थेंब पाणी टाकलं.

एजन्सीने ते पत्र पुरावा म्हणून धरलं नाही, व्यक्तिगत पत्र चालत नाही म्हणाले. त्या नोकरीपुढे 'पडताळणी होऊ शकली नाही' असा पिवळा शेरा आला. नव्या एचआरने विचारलं, मी बँकेचं स्टेटमेंट आणि २०१७, २०१८ च्या फेब्रुवारीच्या स्लिपा पाठवल्या. दोन्हींवर ३०० आहेत. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. १ तारखेला रुजू होतेय.

मालकांचा काल फोन येऊन गेला, मी मीटिंगमध्ये होते. पत्र चाललं का, एवढंच विचारायचं होतं, असा निरोप ठेवलाय. आज संध्याकाळी फोन करते.